पाण्याची नळी

लिंबाजीआबांच्या तळहातावर नारळ उभा राहायचा
तेव्हा गाव श्वास रोखून बघायचं.
शेंडी वर, डोळे मिटलेले, पाय अनवाणी,
आणि मग टाच दाबून ते म्हणायचे, "हितं."
त्या "हितं"वर रात्रीतून गाडी यायची,
तामिळनाडूच्या नंबरची.
सकाळी आसपासच्या बाभळी
पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या पांढऱ्या.

दोनशे सतरा जागा. आबांनीच मोजलेल्या,
घराच्या कुडावर कोळशाच्या रेघांनी.
पहिल्या साठ-सत्तर ठिकाणी दीडशे फुटांवर लागलं.
मग तीनशे. मग सहाशे.
मग नुसताच फुफाटा.
पुढं त्यांनी रेघा ओढायचं सोडलं
आणि लोकांनी विचारायचं.

मी सोजर. पळसटाकळीची सून.
माळावर चर खणायचं ठरलं त्या उन्हाळ्यात
माझ्या हाती कुदळ आली नाही, नळी आली.
आरपार दिसणारी, तीस फूट लांब, बोटाएवढी जाड,
आत लिटरभर पाणी.
ते कोणाच्या घागरीतलं, यावर अर्धा तास भांडण झालं.
(टँकर तेव्हा चौथ्या दिवशी यायचा.)
शेवटी मोमीनांच्या रेहानानं
न बोलता आपली कळशी कलती केली.

शिकून आलेला पोरगा म्हणाला,
एक टोक इथं, एक तिथं,
दोन्हीकडं पाणी एका रेघेला आलं की फक्की टाकायची.
तिथं चर. बस्स, एवढंच.
दुसऱ्या टोकाला माणूस पाहिजे होता
आणि सगळ्यांच्या हातात टिकाव.
लिंबाखाली आबा एकटे बसलेले.

त्यांनी टोक धरलं,
कोणी तान्हं पोर हातात दिल्यासारखं.
पाणी माझ्याकडं चढलं, त्यांच्याकडं गेलं,
परत आलं, दावं सुटलेल्या वासरागत घुटमळलं,
आणि उभं राहिलं.
"कुणी सांगितलं त्याला?" आबांनी विचारलं.
"कुणी न्हाई आबा. त्येचं त्येलाच कळतंय."
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग फक्कीची चिमूट सोडली खाली
कुंकू लावावं तशी.

बेचाळीस दिवस तेच पाणी.
संध्याकाळी दोन्ही तोंडांना बुचं लावून
मी नळी उतरंडीमागं गुंडाळून ठेवायची.
नवरा म्हणायचा, बाईनं साप पाळलाय.
मुरूम असा की टिकाव उडून परत यायचा.
फोड, फोडांवर हळद, हळदीवर पुन्हा फोड.
वरची आळी तीन दिवस रुसली,
चर आम्ही खणायचे अन् झरे खालच्यांच्या विहिरीला?
सरपंच फोटोपुरते.
देशमुखांच्या बांधाचा कोपरा आजही तसाच,
तिथं आमची रेघ तुटते.

एका रात्री कोणीतरी आबांच्या दारात आलं,
हातात नारळ, नारळाखाली पाचशेची नोट.
नाव सांगत नाही, मला गावात राहायचंय.
नोट आबांनी परत केली, नारळ ठेवून घेतला.
सकाळी माळावर आणून
टिकावाच्या पाठीनं फोडला.
तुकडे झाले एकोणीस, माणसं तेवीस.
पाणी कोण प्यालं, आठवत नाही.

पाहुणे विचारतात, मग आलं का पाणी?
त्या साली पाऊस झाला मोजून सोळा दिवस.
मधल्या विहिरीची सहावी पायरी
माघापर्यंत ओली राहिली.
दिवाळीला येणारा टँकर होळीला आला.
जास्त सांगणार नाही मी.

यंदा पल्याडची टेकडी.
आबांना नळीतली रेघ आता दिसत नाही,
तरी टोक तेच धरतात.
रेहानाचा नातू शेजारी, त्यांच्या वाट्याचं बघायला.
मधे वारा, तरवड, तीस फूट नळी.
मी इकडून हाक देते,
"आबा, थांबलं का पाणी?"
ते दोन श्वास जाऊ देतात.
आधी पोराचा आवाज येतो, मग त्यांचा:
"थांबलं."